विमानामागची पांढरी रेघ आणि तापती पृथ्वी

विमानवाहतुकीमुळे पृथ्वीच्या तापमानात किती भर पडते, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा कार्बन डायऑक्साइडपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्याचा हिशेब सोपा आहे. एक किलो विमान इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग ते विमान दिवसा उडो वा रात्री, मुंबईहून उडो वा माद्रिदहून. टाकीतले किती इंधन खर्च झाले एवढे ठाऊक असले की उत्तर हाती येते. २०१८ मध्ये जगभरच्या विमानांनी एक अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात सोडला. मानवाने त्या वर्षी सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमधील हा हिस्सा जेमतेम अडीच टक्के भरतो.

परंतु त्याच एक किलो इंधनातून सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफही बाहेर पडते. सोबत दहा-पंधरा ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडे, थोडी गंधकाची संयुगे आणि काजळीचे असंख्य कण असतात. असंख्य हा शब्द येथे अलंकारिक नाही. एका किलोमागे या कणांची संख्या एकावर चौदा, कधी पंधरा शून्ये इतकी भरते. रस्त्यावरच्या वाहनांच्या धुरातही यातले बरेच काही असते. फरक आहे तो जागेचा. विमाने हा धूर दहा-बारा किलोमीटर उंचीवर सोडतात. तेथील हवा विरळ, अतिशय थंड आणि जमिनीलगतच्या हवेच्या मानाने स्वच्छ असते. अशा ठिकाणी पडलेली थोडीशी भरही मोठा परिणाम घडवू शकते.

हा परिणाम किती मोठा, याचा शोध गेली पन्नासहून अधिक वर्षे सुरू आहे. ब्रिटनमधील मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचे डेव्हिड ली आणि त्यांच्या विविध देशांतील सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला हिशेब आज या विषयातील आधारभूत मानला जातो. त्यानुसार विमानवाहतुकीमुळे वातावरणात अडकून राहणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग कार्बन डायऑक्साइडचा आणि उरलेला दोन तृतीयांश इतर घटकांचा आहे. मात्र या उत्तराचा पहिला भाग जितका पक्का, तितका दुसरा नाही. मोठा वाटा ज्याचा, त्याचेच मोजमाप कच्चे, अशी ही विचित्र स्थिती आहे. धोरण ठरवणाऱ्यांची खरी अडचणही तीच आहे.

रेघ कशी उमटते?

कडाक्याच्या थंडीत बोलताना तोंडातून वाफ दिसते. श्वासातील उबदार, दमट हवा बाहेरच्या गार हवेत मिसळते आणि त्यातील बाष्पाचे क्षणभर थेंब होतात. विमानामागची पांढरी रेघ याच तत्त्वावर उमटते. शास्त्रज्ञ तिला ‘कॉन्ट्रेल’ म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणारी तप्त, बाष्पयुक्त हवा उणे चाळीस अंश सेल्सिअस वा त्याहूनही थंड हवेत मिसळली की काजळीच्या कणांवर पाणी जमते आणि लागलीच गोठते. दुरून दिसणारी रेघ ही अशा कोट्यवधी हिमस्फटिकांची रांग असते. ती धूर नव्हे. तिच्यामागे गुप्त फवारणीचे कारस्थान असल्याच्या कहाण्या अधूनमधून पसरतात. त्यांना कोणताही आधार नाही.

कोणत्या तापमानाला आणि किती दाबाला ही रेघ उमटेल याचे गणित जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये, तर अमेरिकेत हर्बर्ट अ‍ॅपलमन यांनी १९५३ मध्ये मांडले. त्या काळी हवामान बदलाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. चिंता होती ती लष्करी. उंचावरून जाणारे बॉम्बफेकी विमान एरवी दिसले नसते. पण मागची रेघ शत्रूला त्याचा ठावठिकाणा सांगत असे. श्मिट-अ‍ॅपलमन निकष आजही याच नावाने वापरला जातो. जर्मन एरोस्पेस केंद्राचे उल्रिच शुमान यांनी त्याला इंजिनाच्या कार्यक्षमतेची जोड दिली. इंजिन जितके कार्यक्षम, तितकी इंधनातील अधिक ऊर्जा विमान पुढे ढकलण्यात खर्च होते आणि बाहेर पडणारी हवा तुलनेने कमी तापलेली राहते. अशी हवा लवकर संपृक्त होते, म्हणजे तिच्यातील बाष्पाचे लवकर थेंब होतात. याची प्रत्यक्ष परीक्षाही झाली. जुने बोइंग ७०७ आणि आधुनिक एअरबस ए-३४० ही विमाने एकाच उंचीवर शेजारी-शेजारी उडवली असता एअरबसमागे रेघ उमटली, बोइंगमागे नाही! इंधन वाचवणारे इंजिन रेघांच्या बाबतीत अधिक उदार ठरते, हे त्यातून सिद्ध झाले.

तथापि, उमटलेली प्रत्येक रेघ घातक नसते. बहुसंख्य रेघा मिनिटा-दोन मिनिटांत विरून जातात. प्रश्न निर्माण होतो तो विमान बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असलेल्या हवेतून गेल्यास. अशा हवेत बाष्प गरजेपेक्षा जास्त असते, पण ते गोठायला निमित्त मिळालेले नसते. विमानाने सोडलेले स्फटिक हे निमित्त पुरवतात. आसपासचे बाष्प त्यांच्यावर साचत जाते, रेघ रुंदावते, वाऱ्याने पसरते आणि काही तासांत तिचा पातळ ढग होतो. हा ढग आणि निसर्गतः तयार झालेला तंतुमेघ यांत फरक करणे मग निष्णात निरीक्षकालाही जमत नाही. ‘नासा’ने १९९६ मध्ये कॅन्सस राज्यातील सलाइना येथून राबवलेल्या मोहिमेत विमानांनी अशा रेघांमधून उड्डाणे करून नमुने घेतले, तर उपग्रहांच्या साह्याने रेघांचे ढगांत होणारे रूपांतर तासन्‌तास टिपण्यात आले. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की या ढगातील बर्फात विमानाने स्वतः सोडलेल्या पाण्याचा वाटा नगण्य असतो. जवळजवळ सगळे पाणी आधीपासून हवेतच असते.

अतिसंपृक्त हवेचे हे पट्टे पापडासारखे पसरट असतात. विमानाच्या मार्गावर त्यांची लांबी सरासरी दीडशे किलोमीटर, पण जाडी मात्र बहुधा काहीशे मीटरच भरते. त्यामुळे एका विमानामागे क्षितिजापर्यंत ढग पसरतो, तर त्याच्या वरून वा खालून काहीशे मीटर अंतराने गेलेल्या विमानामागे काहीही उरत नाही. पुढे येणाऱ्या उपायांची सारी भिस्त या एका गोष्टीवर आहे.

दिवसाची सावली, रात्रीची गोधडी

पातळ ढग दोन परस्परविरोधी कामे करतो. दिवसा तो सूर्यप्रकाशाचा काही भाग अवकाशात परत पाठवतो आणि त्याने जमीन थंड राहते. त्याच वेळी जमिनीकडून वर जाणारी उष्णता तो अडवतो आणि त्याने हवा तापते. दिवसा या दोहोंची वजाबाकी होते. रात्री सूर्यच नसल्याने परावर्तनाचा प्रश्न उरत नाही. उरते ती फक्त गोधडी. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या निकोला स्ट्यूबर, पिअर्स फॉर्स्टर आदी संशोधकांनी २००६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आग्नेय इंग्लंडवरील वाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील उड्डाणांपैकी सुमारे २५ टक्केच रात्रीची होती. पण रेघांमुळे होणाऱ्या तापमानवाढीत त्यांचा वाटा ६० ते ८० टक्के होता.

संगणकीय प्रारूपांवर विसंबून न राहता हा परिणाम प्रत्यक्ष तापमानात दाखवता येईल का, याचे प्रयत्न वारंवार झाले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील नोंदी या कामी आल्या. ११ मे १९४४ रोजी सकाळी अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचा प्रचंड ताफा इंग्लंडमधून निघाला. युद्धकाळात हवामानाच्या नोंदी काटेकोर ठेवल्या जात असल्याने आणि नागरी वाहतूक जवळपास नसल्याने शास्त्रज्ञांना जणू तयार प्रयोगशाळाच मिळाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या भागांवरून हा ताफा गेला तेथे त्या सकाळी तापमान शेजारच्या भागांपेक्षा सुमारे ०.८ अंशाने कमी चढले. दिवसाची सावली ती हीच.

याउलट प्रयोग घडला तो २००१ मध्ये, आणि तोही एका शोकांतिकेमुळे. ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेचे आकाश तीन दिवस नागरी विमानांविना राहिले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या व्हाइटवॉटर येथील शाखेतील डेव्हिड ट्रॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी देशभरातील सुमारे चार हजार केंद्रांचे तापमान तपासले. त्या तीन दिवसांत कमाल आणि किमान तापमानांतील अंतर तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा १.१ अंशाने वाढल्याचे त्यांना आढळले. रेघा नाहीत म्हणून दिवस अधिक उष्ण आणि रात्र अधिक थंड, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. हे निष्कर्ष जगभर गाजले. मात्र ते निर्विवाद नव्हते. त्या दिवसांत अमेरिकेच्या मोठ्या भागावर कोरडी, निरभ्र हवा होती आणि एवढा फरक केवळ त्यानेही पडू शकतो, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. तीन दिवसांच्या आकडेवारीतून निसर्गाची चढउतार आणि विमानांचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत, हे आज बहुतेकांना मान्य आहे. लोकप्रिय लेखनात मात्र १.१ अंशाचा तो आकडा अजूनही बिनदिक्कत फिरत असतो.

करोनाकाळाने अधिक मोठा प्रयोग घडवला. २०२० च्या मार्च ते मे या महिन्यांत उत्तर गोलार्धातील आकाश रिते झाले. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाचे योहानेस क्वास आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या निरीक्षणांवरून, एरवी वर्दळीच्या असलेल्या पट्ट्यांत तंतुमेघांचे आच्छादन सरासरी नऊ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. प्रारूपांनी वर्तवलेल्या दिशेलाच हे निरीक्षण बोट दाखवते.

ओझोन खाणारे, ओझोन घडवणारे

विमानांच्या धुराची पहिली धास्ती रेघांमुळे नव्हे, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे निर्माण झाली होती. ही ऑक्साइडे स्थितांबरातील ओझोन नष्ट करतात, हे पॉल क्रुट्झेन यांनी १९७० मध्ये मांडले. अमेरिकेत तेव्हा ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानांचा प्रकल्प सुरू होता. ही विमाने थेट स्थितांबरातून उडणार होती. अशा विमानांचे मोठे ताफे ओझोनच्या आवरणाला धोका पोहोचवतील, असा इशारा बर्कली येथील हॅरोल्ड जॉन्स्टन यांनी १९७१ मध्ये दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रकल्पाचा निधी तोडला होता. त्यामागे खर्च, आवाज अशी इतर कारणेही होती. पुढे काँकॉर्ड १९७६ ते २००३ या काळात प्रवासी घेऊन उडाले, पण त्यांची संख्या इतकी अल्प राहिली की तो इशारा कसोटीला लागलाच नाही. त्या वादातून उच्च वातावरणाच्या रसायनशास्त्राला मात्र मोठी चालना मिळाली. क्रुट्झेन यांना १९९५ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी की, नेहमीची प्रवासी विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे हीच ऑक्साइडे उलट वागतात. तेथे ती ओझोन नष्ट करत नाहीत, तयार करतात. त्या उंचीवरचा ओझोन उष्णता अडवण्यात विशेष तरबेज असतो. पण गोष्ट येथे संपत नाही. याच रासायनिक साखळीत मिथेन हा दुसरा उष्णताशोषक वायू नष्ट होतो. ओझोनची वाढ काही आठवडे-महिने टिकते आणि मुख्यतः उत्तर गोलार्धात राहते. मिथेनची घट दशकभर टिकते आणि जगभर विभागली जाते. बेरीज-वजाबाकीनंतर आज तापमानवाढच उरते, असा लींच्या हिशेबाचा निष्कर्ष आहे. मात्र जमिनीवरचे प्रदूषण घटले तर हे गणित फिरून परिणाम थंडावण्याकडेही झुकू शकतो, असे पुढच्या संशोधनात आढळले. इंजिन बनवणाऱ्यांसाठी ही डोकेदुखी आहे. इंधन वाचवायचे तर इंजिनातील दाब व तापमान वाढवावे लागते, आणि ते वाढवले की नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात.

आकडे आणि त्यांची कुंपणे

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, या साऱ्याचा पहिला एकत्रित आढावा १९९९ मध्ये घेतला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, विनंतीवरून तो तयार झाला होता. विमानांचा एकूण परिणाम त्यांच्या केवळ कार्बन डायऑक्साइडच्या दोन ते चारपट असावा, असे त्यात म्हटले होते. रेघांपासून बनणाऱ्या तंतुमेघांचा आकडा देण्याचे मात्र तेव्हा शास्त्रज्ञांनी टाळले. पुरेशी माहितीच हाती नव्हती. ती उणीव जर्मन एरोस्पेस केंद्राच्या उलरिके बुर्कहार्ट आणि बेर्न्ड कॅर्खर यांनी २०११ मध्ये बऱ्याच अंशी भरून काढली. आज आकाशात असलेले विमानजन्य तंतुमेघ जितकी उष्णता अडवतात, ती विमानयुगाच्या आरंभापासून साचलेल्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडने अडवलेल्या उष्णतेहून अधिक आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

२०१८ सालासाठीचे लींचे आकडे दर चौरस मीटरला मिलिवॉटमध्ये असे आहेत: एकूण सुमारे १०१, त्यात कार्बन डायऑक्साइड ३४, तंतुमेघ ५७, नायट्रोजनची ऑक्साइडे १७.५. गंधकाचे कण सूर्यप्रकाश परतवत असल्याने सुमारे सातची वजावट होते. काजळी आणि वाफ यांचा थेट परिणाम किरकोळ आहे. पण तंतुमेघांच्या ५७ या आकड्याभोवतीचे कुंपण १७ पासून ९८ पर्यंत पसरलेले आहे. विमानातील काजळी नैसर्गिक ढगांच्या घडणीत कशी ढवळाढवळ करते, याचा तर आकडाच दिलेला नाही. त्याने तापमान वाढते की घटते, यावरच एकमत नाही.

‘विमानप्रवासाचा कार्बन दोनने गुणा, तिनाने गुणा’ असे सल्ले सर्रास दिले जातात. त्यांचाही समाचार येथे घ्यायला हवा. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके टिकतो, ढग काही तास. या दोघांना एका तराजूत तोलायचे तर किती वर्षांचा हिशेब धरायचा, हे आधी ठरवावे लागते. त्याच २०२० च्या शोधनिबंधात वीस वर्षांचा हिशेब धरला तर गुणक ४ येतो, शंभर वर्षांचा धरला तर १.७. धूर तोच, विमान तेच. कोणता गुणक घ्यायचा हा निर्णय विज्ञानाचा कमी आणि पुढच्या पिढीला किती महत्त्व द्यायचे याचा अधिक आहे. तिकिटावर ‘तुमच्या प्रवासाचे उत्सर्जन’ छापणाऱ्यांनी किमान कोणता हिशेब धरला हे तरी सांगावे.

मार्ग वळवण्याची किंमत

तंतुमेघांच्या बाबतीत एक दिलासा आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील रॉजर टिओ, मार्क स्टेटलर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जपानवरील हवाई वाहतुकीचा अभ्यास केला. तेथे अवघ्या २.२ टक्के उड्डाणांमुळे रेघांच्या एकूण उष्णतेपैकी ८० टक्के उष्णता निर्माण होत होती. २०२४ मधील त्यांच्या जागतिक अभ्यासातही प्रमाण असेच, सुमारे दोन टक्के निघाले. म्हणजे सगळी विमाने वळवण्याची गरज नाही. नेमकी ती थोडी विमाने ओळखून त्यांना हजार-दोन हजार फूट वर वा खाली नेले की बरेच साधते.

असे प्रयोग झाले आहेत. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीच्या वरचे आकाश सांभाळणाऱ्या मास्ट्रिख्ट येथील नियंत्रण केंद्राने जर्मन शास्त्रज्ञांच्या साह्याने २०२१ मध्ये विमानांची उंची बदलून पाहिली. वाहतूक करोनामुळे कमी असल्याने ते शक्य झाले. रेघा घटल्याचे उपग्रहचित्रांत दिसले. त्यानंतर गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० उड्डाणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाले. रेघांची लांबी ५४ टक्क्यांनी घटली. त्या उड्डाणांना मात्र दोन टक्के अधिक इंधन लागले.

दोन टक्के इंधन म्हणजे दोन टक्के अधिक कार्बन डायऑक्साइड, आणि तो खात्रीने शतकानुशतके राहणार. बदल्यात टळणारा ढग मात्र बऱ्याच अंशी अंदाजावर अवलंबून आहे. येथेच वैज्ञानिकांत खरा मतभेद आहे. दहा किलोमीटर उंचीवरची आर्द्रता नेमकी किती, हे हवामान प्रारूपांना नीट सांगता येत नाही. हवामान खात्यांच्या फुग्यांवरील आर्द्रतामापके एवढ्या थंडीत पुरेशी विश्वसनीय राहत नाहीत आणि विमानांवर अशी उपकरणे अगदी मोजकी आहेत. युरोपात १९९४ मध्ये पाच प्रवासी ए-३४० विमानांवर ओझोन व बाष्प मोजणारी यंत्रे बसवून सुरू झालेला ‘मोझाइक’ प्रकल्प आणि त्याचा उत्तराधिकारी ‘आयागॉस’ यांच्या नोंदींवर आज या विषयाचा मोठा डोलारा उभा आहे. अंदाज चुकला तर विमान कोरड्या हवेतून उगाच वळेल आणि इंधन फुकट जाईल. किंवा कोरडी हवा सोडून नेमके दमट पट्ट्यात शिरेल. त्यामुळे ज्या रेघांबद्दल शंका नाही, अशा मोठ्या, रात्रीच्या रेघांपासून सुरुवात करावी, असे एका गटाचे म्हणणे आहे. आधी मोजमाप सुधारा, मग विमाने वळवा, असे दुसरा गट म्हणतो. पहिल्या गटाची बाजू थोडी वजनदार वाटते, कारण मोजमाप सुधारण्याचा उत्तम मार्ग विमाने वळवून पाहणे हाच आहे.

पुण्याहून उडालेले इंधन

दुसरा मार्ग इंधनाचा. विमान इंधनातील अ‍ॅरोमॅटिक संयुगांतून काजळी होते. काजळी कमी म्हणजे स्फटिक कमी, आणि स्फटिक कमी म्हणजे ते आकाराने मोठे, लवकर खाली पडणारे. ढगाचे आयुष्य त्यामुळे घटते. जर्मन केंद्र, एअरबस व रोल्स-रॉइस यांनी ए-३५० विमानात शंभर टक्के जैविक इंधन वापरून, त्याच्या पाठोपाठ संशोधन विमान पाठवून २०२१ मध्ये मापने घेतली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या इंधनाच्या तुलनेत हिमस्फटिकांची संख्या ५६ टक्क्यांनी कमी होती. खनिज इंधनच शुद्धीकरणात अधिक स्वच्छ केले तरी काही प्रमाणात हा लाभ मिळू शकतो. अर्थात काजळी फारच कमी झाली आणि हवा अतिशय थंड असली, तर गंधकाचे अतिसूक्ष्म कण तिची जागा घेऊ शकतात, असेही गणित सांगते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध येतो तो या इंधनामार्गे. १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडियाचे विमान पुण्याहून दिल्लीला गेले ते देशी जैवइंधनाचे मिश्रण घेऊन. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या सहकार्याने हे इंधन तयार केले होते आणि कच्चा माल होता उसाची मळी. मिश्रणाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंतच होते. साखर कारखानदारीला त्यातून नवी आशा वाटणे स्वाभाविक असले, तरी काजळीत फरक पडावा इतके हे प्रमाण नव्हे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट भारताने ठरवले आहे.

भारतावरील आकाशात रेघांचा प्रश्न युरोपइतका तीव्र नाही. उष्ण कटिबंधात दहा-अकरा किलोमीटर उंचीवरची हवा उत्तरेकडील देशांच्या मानाने उबदार असते आणि रेघ उमटण्याची मर्यादा बऱ्याचदा गाठलीच जात नाही. टिओ यांच्या जागतिक अभ्यासात युरोपवर या ढगांचा परिणाम दर चौरस मीटरला ८७६ मिलिवॉट, अमेरिकेवर ४१४, तर चीनवर ६२ इतका आढळला. विमाने जितकी, तितका परिणाम असे येथे होत नाही. मुंबई-लंडन किंवा मुंबई-न्यूयॉर्क उड्डाणांचा उत्तरेकडील टप्पा मात्र याच संवेदनशील आकाशातून जातो.

नियमांच्या पातळीवर या साऱ्याची दखल उशिरा घेतली गेली. १९९७ च्या क्योटो कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा प्रश्न आयकाओकडे सोपवला. आयकाओने २०१६ मध्ये ‘कोर्सिया’ योजना मंजूर केली. ती कार्बन डायऑक्साइडपुरतीच आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून विमान कंपन्यांना इतर घटकांचीही नोंद ठेवून अहवाल देणे बंधनकारक केले. पहिली दोन वर्षे हा नियम युरोपांतर्गत उड्डाणांना लागू करून पुढे २०२७ पासून बाहेरच्या उड्डाणांनाही लावण्याची मूळ योजना होती. माहिती अपुरी आणि प्रारूपे कच्ची असल्याचे सांगत आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने त्याला विरोध केला आणि नोंदी ऐच्छिक ठेवण्याची मागणी केली. या नोंदींच्या आधारे पुढे काय करायचे, याचा अहवाल युरोपीय आयोगाने २०२७ अखेरपर्यंत द्यायचा आहे. भारतीय कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांना कोर्सियाचे बंधन लागू होण्याचे वर्षही २०२७ हेच आहे.